नऊ महिने नऊ दिवस सगळ्या गायींना लावू नका



गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, हा हिशोब आपण वाडवडिलांपासून करतोय. म्हशीचं ठीक आहे. पण गोठ्यात आता तऱ्हेतऱ्हेच्या रक्ताच्या गायी आहेत. एचएफ, जर्सी साधारण २८० दिवसांत वितात. देशी गाय बहुतेक वेळा त्याहून आठ-दहा दिवस जास्त घेते.

अमेरिकेत मांसासाठी पाळतात ती ब्राह्मण गाय आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोलच्या रक्ताची. तिचे दिवस सरासरी २९० च्या आसपास भरतात. ब्राझीलची नेलोर तर मूळची ओंगोलच, तिचंही तसंच. म्हणजे हा रक्ताचा गुण आहे, आजार नव्हे.

अजून बऱ्याच गोष्टींनी दिवस पुढंमागं होतात. खोंड असेल तर एक-दोन दिवस जास्त. जुळं असेल तर आठवडाभर लवकर. पहिलारू थोडी आधी विते. शेवटचे महिने कडक उन्हात गेले तर काही दिवस आधी विते नि वासरू हलकं निघतं. वळूचा वाटाही मोठा. कळा सुरू करायचा इशारा पोटातलं वासरूच देतं, आणि त्यात निम्मं रक्त बापाचं. एचएफ गायीला गीरची कांडी भरली तर दिवस वाढणारच.

माझं म्हणणं एवढंच, २८० उलटले म्हणून "डॉक्टर, इंजेक्शन मारा" असा तगादा लावू नका. वेळेआधी विली तर वासरू कच्चं निघतं, वार अडकते, पुढचा माज लांबतो. एका घाईत वासरू आणि वेत दोन्ही जातं.

त्यापेक्षा रेतनाची तारीख आणि कांडीवरचा वळू नंबर वहीत लिहा. २१ दिवसांनी गाय उलटली नि परत भरवली तर शेवटची तारीख धरा. "दिवस वर गेले" म्हणतात त्यातल्या कितीतरी गायी अशा चुकीच्या तारखेच्या असतात. दूध आटवायचे दोन महिनेही त्याच तारखेवरून मोजा.

देशी गाय ३०० च्या पुढं गेली, किंवा पाणमोट फुटून दोन तासांत वासरू आलं नाही, तर मात्र डॉक्टरांना लगेच बोलवा. तिथं थांबू नका.

तुमची खिल्लार, देवणी, डांगी किती दिवसांत विते? वही बघून सांगा, अंदाजानं नको.