आठवड्याची भाजी आठवडाभर कशी टिकवावी?



राजूर आणि आसपासच्या वस्त्यांवरील मजूर कुटुंबाला रोज ताजी भाजी घेणे जमत नाही. हाती मजुरी आली की आठवडी बाजारातून आठ दिवसांची भाजी एकदमच आणली जाते. चौथ्या दिवशी पाहावे तर मेथी पिवळी पडलेली, कोथिंबीर सडलेली, टोमॅटो फुटलेले! कापूस वेचून मिळवलेली मजुरीच अशी उकिरड्यावर जाते आणि मुलांच्या ताटात भाकरी-चटणी उरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून विकत घेतलेली पालेभाजी पोटात गेलीच पाहिजे.

घरी फ्रीज नसला, तरी भाजी टिकवता येते. तोडलेली भाजीही श्वास घेत असते. उन्हाने तिच्यातील पाणी उडाले की ती सुकते आणि अंगावर पाणी साचले की कुजते. हे ध्यानात ठेवून पुढीलप्रमाणे करावे.

बाजारातून येताच पिशवी रिकामी करावी. किडकी, दबलेली भाजी वेगळी काढून त्याच दिवशी शिजवावी. मेथी, पालक, शेपूच्या जुड्या सोडून सडका पाला काढावा. भाजी न धुता ओलसर सुती कापडात सैल गुंडाळून गार जागी ठेवावी व चिरण्यापूर्वी धुवावी. कोथिंबिरीच्या काड्या पेलाभर पाण्यात उभ्या ठेवाव्यात. मुळ्याचा पाला लगेच कापावा, नाहीतर तो मुळ्यातील ओल ओढून घेतो. पाल्याची भाजी होतेच. मिरचीचे देठ काढून ती कोरडी ठेवावी. भेंडीही पुसून ठेवावी.

पिकलेले टोमॅटो व केळी पालेभाजीजवळ ठेवू नयेत. त्यांच्यातून निघणाऱ्या वायूमुळे पाला लवकर पिवळा पडतो. कांदे हवेशीर शिंक्यात, तर बटाटे त्यांच्यापासून दूर अंधारात ठेवावेत. उजेडात हिरवा पडलेला बटाटा खाण्यास अपायकारक असतो.

उन्हाळ्यासाठी दोन मडक्यांची युक्ती करावी. मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी. सकाळ-संध्याकाळ वाळू ओली करावी. भाजी आतल्या मडक्यात ठेवून तोंडावर ओले फडके टाकावे व मडके सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवावे. पाण्याची वाफ होताना आत गारवा येतो. टँकरच्या दिवसांत भाजी किंवा तांदूळ धुतलेले पाणी वाळूला चालते. पावसाळी दमट हवेत मात्र हा उपाय फारसा चालत नाही.

आपल्यासारख्याच कोरड्या, उष्ण हवेच्या उत्तर नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९५ पासून अशीच मडकी गरीब घरांत पोहोचवली. तीन दिवसांत खराब होणारी वांगी त्यांच्या मडक्यात २७ दिवस टिकली. भाजी टिकू लागल्याने ती रोज विकायला मुलींना पाठवण्याची गरज उरली नाही आणि त्यांना शाळेत जाणे शक्य झाले. या कामासाठी त्यांना २००० साली आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शिजवण्याचा क्रमही ठरवावा. पहिले दोन दिवस पालेभाज्या, मग भेंडी, गवार, वांगी आणि शेवटी कोबी, भोपळा, बटाटा. भाजी स्वस्त असेल तेव्हा हरभऱ्याचा पाला, मेथी, गवार वाळवून डब्यात भरण्याची आपल्या आज्यांची रीत सोडू नये. भर उन्हाळ्यात भाजी कडाडते, तेव्हा तीच कामी येते.

हे काम एकट्या बाईवर टाकू नये. भाजी निवडायला घरधन्याने आणि मुलांनीही बसावे. चौघांचे हात लागले तर अर्ध्या तासात आठवड्याची सोय होते.