एदेनची नदी आणि आमची स्वर्णरेखा

एदेन बागेतून चार नद्या निघाल्या, त्यांतली पहिली पीशोन. ही पीशोन म्हणजे हिंदुस्थानात वाहणारी गंगा, असं योसेफस या यहुदी इतिहासकारानं पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. हे वाचल्यावर पुढची वाट मी स्वतःच काढली. आमची स्वर्णरेखा मुरार नदीत जाते. ते पाणी पुढे सिंध नदीकडे जातं (पंजाबातली सिंधू नव्हे, माळव्याच्या पठारावर उगम पावणारी आमची सिंध). सिंध यमुनेला मिळते आणि यमुना प्रयागला गंगेला. म्हणजे योसेफसच्या हिशेबानं महाराज बाड्यावरून पायी जाता येईल इतक्या जवळ स्वर्गातल्या नदीचा एक फाटा वाहतो आहे.

मराठी वाचकांना हा ओढा अनोळखी नाही. जून 1858 मध्ये झाशीच्या राणीचा घोडा ज्या ओढ्याशी अडला असं आपण शाळेपासून ऐकतो, तो हाच. आज त्याचा तळ आणि काठ सिमेंटचे आहेत, त्यात शहराचं सांडपाणी वाहतं आणि त्याच्या पात्रात उन्नत मार्गाचे खांब उभे राहिले आहेत. इथे त्याला नदी म्हणणारे थोडे, नाला म्हणणारेच फार.

योसेफसचा भूगोल चुकीचा आहे, हे उघड आहे. बाकीच्या नद्यांपैकी हिद्देकेल म्हणजे तैग्रिस आणि फरात म्हणजे युफ्रेटिस. त्यांचा आणि गंगेचा उगम एक असणं शक्य नाही. पण या चुकीतून मला एक मोलाची गोष्ट दिसते. त्या जुन्या वाचकांना ती बाग आपल्या जगापासून तुटलेली वाटत नव्हती. तिचं पाणी माणसांच्या गावापर्यंत पोचतं, असं ते धरून चालले होते. आपण मात्र ही गोष्ट सफरचंद, पाप आणि हकालपट्टी एवढ्यापुरतीच ऐकली. तिच्यातलं पाणी आणि तिच्यातली राखण आपल्याकडे पोचलीच नाही.

बायबलाच्याही आधी, मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर दिल्मुन नावाच्या निर्मळ देशाची कथा आहे. तिथे रोग नाही, म्हातारपण नाही, लांडगा कोकराला धरत नाही. फक्त गोडं पाणी नाही. एन्की हा जलदेव जमिनीतून पाणी वर आणवतो, तेव्हा कुठे दिल्मुन हिरवं होतं. पुढे हाच एन्की निन्हुरसाग देवीनं वाढवलेल्या आठ वनस्पती खाऊन टाकतो आणि मरणाला टेकतो. त्याचा एकेक अवयव दुखू लागतो, त्यात बरगडीही आहे. शेवटी देवी त्याला जवळ घेते आणि प्रत्येक दुखण्यासाठी एकेक देवता जन्माला घालून त्याला बरं करते. खाऊ नये ते खाणं, बरगडी, तिच्या निमित्तानं जन्मलेली स्त्री, हे सगळं इथे आधीच आहे. शेवट मात्र वेगळा आहे. इथे कुणाला हाकलत नाहीत, आजाऱ्याला बरं करतात.

गिल्गमेशाच्या महाकाव्यात नायक पाण्याच्या तळातून तारुण्य देणारी वनस्पती आणतो, वाटेत तळ्यात आंघोळीला उतरतो आणि तेवढ्यात साप ती पळवतो. आपल्या आदिपर्वात गरुड अमृत आणून दर्भावर ठेवतो, नाग स्नानाला जातात आणि इंद्र ते उचलून नेतो. मागे राहिलेले दर्भ चाटताना नागांच्या जिभा चिरतात. दोन्हीकडे साप, दोन्हीकडे स्नान, दोन्हीकडे अमरत्व हातचं जातं. कुणी कुणाकडून घेतलं या वादात मला शिरायचं नाही. पाणी, वनस्पती आणि मरणाची भीती यांची गाठ माणसानं फार जुन्या काळीच बांधली होती, एवढं मला पुरे आहे. आमचं गाव तर त्याच गाठीवर वसलं. ग्वालिपा ऋषींनी दिलेलं पाणी पिऊन सूरजसेन राजाचं कुष्ठ बरं झालं, म्हणून त्यानं किल्ला बांधला आणि ऋषींच्या नावावरून गावाला नाव मिळालं, अशी आमची स्थापनाकथा. सूरजकुंड आजही किल्ल्यावर आहे. यहेज्केल संदेष्ट्यानं एदेनला देवाच्या डोंगरावर नेऊन ठेवलं, त्याचं ग्वाल्हेरकराला नवल वाटायला नको.

पण मला खरं गुंतवलं ते यहुदी भाष्यकारांनी. हिब्रू मजकुरात सफरचंद नाही. झाड कोणतं, हे तिथे सांगितलेलंच नाही. म्हणून ‘बेरेशीत रब्बा’ या जुन्या भाष्यात रब्बी त्यावर वाद घालतात. कुणी म्हणतो गहू, कुणी द्राक्ष, कुणी महाळुंगाच्या जातीचं एत्रोग, कुणी अंजीर. आणि मग एक मत असं येतं की देवानं ते झाड कधी उघड केलं नाही आणि करणारही नाही. याच झाडामुळे आदामानं जगात मरण आणलं, असं बोट दाखवून कुणी म्हणू नये, आदामाचा मान राहावा, म्हणून. शिक्षा सांगणाऱ्या कथेत ही कणव शोधणारा वाचक मला फार मोठा वाटतो.

दुसरं भाष्य माझ्या पेशाशी येऊन भिडतं. मी गाणं शिकवते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, असं आधी येतं आणि झाडांची फळं खा, हे त्यानंतर. या क्रमावर रब्बी शिमोन बेन एलाझार बोट ठेवतात. राबल्याशिवाय आदामानंही काही चाखलं नाही, असं ते सांगतात. दुसरे भाष्यकार विचारतात की जिथे झाडं आपोआप वाढतात आणि नद्या पाणी घालतात तिथे मशागत कसली? ते या कामाचा अर्थ धर्माभ्यास असा लावतात. मला पहिला अर्थ जवळचा आहे. पण दुसऱ्यातही आधी कष्ट, मग फळ हा क्रम बदलत नाही.

आता ग्वाल्हेरच्याच हजिऱ्याला चला. सूफी संत मुहम्मद गौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाची साधी, खांबांची कबर आणि तिच्याजवळ चिंचेचं झाड. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो, ही समजूत इतकी जुनी आहे की एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनीही ती नोंदवली आहे. लोकांनी जुनं झाड ओरबाडून वाळवलं. आज आहे ते त्याच्या जागी आलेलं झाड. शिकवणीला मूल घातलं की आईवडील विचारतात, “ताई, हिला चिंचेचा पाला कधी द्यायचा?” मी त्यांच्या श्रद्धेला हसत नाही. ज्या मातीत तानसेन झोपला आहे, तिथलं काहीतरी आपल्या लेकराच्या गळ्यात उतरावं, यात वाईट काय? पण ज्या झाडाला आपण कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, त्याचा पाला तोडण्याचा हक्क आपल्याला कुठून आला? शतकानुशतकं आपण त्या झाडाचं फक्त घेत आलो. हद्दू-हस्सू खाँसाहेबांपासून कृष्णराव शंकर पंडितांपर्यंत ज्यांनी ग्वाल्हेर घराणं उभं केलं, त्यांचा गळा रियाजानं झाला.

एदेनमधल्या त्या झाडाला हात लावण्याबद्दलही यहुदी परंपरेत एक कथा आहे. देवानं फक्त खाऊ नका म्हटलं होतं. हव्वेला सांगताना आदामानं हातही लावू नकोस असं पदरचं जोडलं. सापानं नेमकं तेच पकडलं. त्यानं तिला झाडावर ढकललं. झाडाला अंग लागूनही ती मेली नाही, मग खायला तरी काय हरकत? रब्बींनी यातून बोध काढला की कुंपण मूळ वस्तूपेक्षा मोठं करू नये, ते कोसळलं तर आतलीच रोपं चिरडतात. म्हणजे त्यांनी दोषाचा मोठा वाटा नियम फुगवणाऱ्या आदामाच्या पदरात टाकला. पुढे कित्येक शतकं युरोपात बाईच्या जातीला या एका झाडावरून जे ऐकून घ्यावं लागलं, ते आठवलं की या वाचनाचं मोल कळतं.

आमच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात ग्यारसपूरची शालभंजिका आहे. तिचे हात तुटलेले आहेत, झाडही उरलेलं नाही, तरी तिच्या कमरेच्या वळणावरून ती झाडाला टेकून उभी होती हे कळतं. बाईचा स्पर्श झाला की झाड फुलतं, असं आपल्या शिल्पकारांनी मानलं. हव्वेची गोष्ट मुलींना सांगायची असेल, तर मी ती या मूर्तीसमोर उभं राहून सांगेन.

चार नद्यांची ती बाग इराणमार्गे आमच्या दारापर्यंत आली. सायरस राजाच्या पसर्गदेला दगडी पाटांची बाग होती. बाबिलच्या बंदिवासातून यहुद्यांना घरी जाऊ देणारा राजा हाच. कुराणात स्वर्गातल्या नद्या पाण्याच्या, दुधाच्या, मद्याच्या आणि मधाच्या आहेत. यहुदी लोककथांतही दूध, मद्य, मध आणि सुगंधी तेलाच्या नद्या येतात. बागेचे चार भाग आणि मधून पाट ही चारबागेची मांडणी बाबरानं हिंदुस्थानात आणली. आमच्यापासून जवळच, धौलपूरला त्यानं बाग करवली. 1528 मध्ये तो ग्वाल्हेरला आला, इथली लाल कण्हेर त्याच्या डोळ्यांत भरली आणि तिची रोपं त्यानं आग्र्याच्या बागांत लावायला नेली, असं त्यानंच आठवणींत लिहिलं आहे. याच भेटीत त्यानं उरवाई दरीतल्या जैन मूर्ती फोडण्याचा हुकूम दिला, हेही त्यानंच लिहिलं आहे. एकाच माणसाच्या हातून ही दोन्ही कामं झाली आणि यांतलं एकही मी झाकणार नाही.

आणि मुहम्मद गौस. 1563 साली गेलेल्या या सूफीनं ‘अमृतकुंड’ या योगावरच्या ग्रंथाचा फारसी अवतार ‘बहर-अल-हयात’ या नावानं सिद्ध केला. आसनं, प्राणायाम, ध्यान, सगळं त्यात आहे. पुढे जहांगीर झालेल्या राजपुत्र सलीमसाठी त्याची सचित्र प्रत तयार झाली, ती आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ग्वालिपांचं पाणी पिऊन वसलेल्या गावात एका सूफीला अमृतकुंडाचा ध्यास लागावा, याचा मला अभिमान वाटतो. तो इथला होता, आमचा होता.

मराठीत एदेनची बाग पहिल्यांदा ओव्यांतून आली. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. ते चर्चचं वाचन होतं, पाप आणि तारण यांचं. पण कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, आपले बेने इस्राएल यहुदी, त्याच कथा दुसऱ्या अंगानं जपत होते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. त्यांच्या मलिद्याच्या विधीत पोहे, गूळ, खोबरं आणि फळं मांडून एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं स्मरण होतं. यहुदी परंपरेत जिवंतपणी स्वर्गाच्या बागेत गेलेल्या थोडक्या माणसांत एलियाहू आहे आणि त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकला, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. त्या बागेतला माणूस कोकणच्या कातळावर उतरतो आणि पोह्यांचा नैवेद्य घेतो. या वाचनात बाग कायमची बंद झालेली नाही, आणि हे मराठी बोलणाऱ्यांनीच जपलं आहे. त्यांतले बहुतेक आता इस्राएलमध्ये आहेत. त्यांचं हे धन आपण वाचायला हवं.

‘कोहेलेत रब्बा’ या आणखी एका यहुदी भाष्यात देव आदामाला बागेतली झाडं एकेक करून दाखवतो आणि बजावतो की हे बिघडवू नकोस, तू बिघडवलंस तर मागून येऊन नीट करणारं कुणी नाही. ग्वाल्हेरच्या महापालिकेनं आणि उन्नत मार्ग बांधणाऱ्यांनी हे कानावर घ्यावं असं मला वाटतं. रस्त्याला माझा विरोध नाही, या शहराला रस्ता हवाच आहे. पण खांबांसाठी नदीचं पात्र घेतलं आहे, तर नदीत मिळणारी गटारं त्याच कामात वळवली पाहिजेत. नदी पुन्हा जिवंत करण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठापुढे गेला. तिथवर जावं लागलं, हीच शरमेची गोष्ट आहे. जिथे शक्य आहे तिथे तळाचं सिमेंट उखडून पाणी मुरू द्यावं. फूलबागेपासून सुरुवात करता येईल. माधवराव शिंद्यांच्या त्या बागेत देऊळ, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज एकाच आवारात आहेत आणि नदी शेजारून जाते.

चिंचेच्या झाडाला उंच जाळीचं कुंपण घालून भागणार नाही. तिथे पगारी माळी हवा. त्या झाडाच्या चिंचोक्यांपासून रोपं करून गाणं शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला एक द्यावं. ज्यानं रोप वर्षभर जगवलं, त्यानं त्याच रोपाचा पाला खुशाल खावा. 2024 च्या डिसेंबरात तानसेन समारोहाची शंभरी झाली. समारोहाच्या मांडवावर, रोषणाईवर जो खर्च होतो, त्यातला थोडा भाग या रोपवाटिकेसाठी काढणं सरकारला जड नाही. इथल्या मराठी मंडळींनी, गाण्याच्या शाळांनी आणि संस्थांनी तो यंदाच मागून घ्यावा. माझ्या वर्गाचं मागणीपत्र तयार आहे, त्याला आणखी सह्या हव्या आहेत.