आधी व्याकरण, मग बोलणं?

‘आधी व्याकरण पक्कं होऊ द्या, बोलणं आपोआप येईल,’ असं सांगणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न आहे: कधी येतं? महाराष्ट्रात इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून शिकवतात. दहा वर्षं काळांचे तक्ते घोकलेली मुलगी परप्रांतातल्या पाहुण्याला इंग्रजीत पत्ता सांगताना अडते. नियम तिला ठाऊक असतात. ते वापरावे लागतील असा प्रसंग वर्गात आलेलाच नसतो.

तो प्रसंग मुद्दाम आणणं म्हणजे कार्याधारित अध्यापन. त्याला परदेशी खूळ म्हणणाऱ्यांनी एन. एस. प्रभूंचं काम वाचावं. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत केलेला प्रयोग ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभर अभ्यासला जातो. व्याकरणाचा ठरीव क्रम त्यांनी बाजूला ठेवला. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा यायचा. संध्याकाळच्या आत पोचायचं तर कोणती गाडी धरावी? असा एक प्रश्न शिक्षक सगळ्या वर्गाला बोलतं करत सोडवायचे आणि तसाच दुसरा प्रत्येक मूल आपापला सोडवायचं.

‘साठ मुलांच्या वर्गात गट पाडले की गोंधळच होणार,’ हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. प्रभूंनी गटकार्यावर भिस्त ठेवलीच नव्हती. मुलं एकमेकांची चुकीची भाषा उचलतील, ही काळजी त्यांनाही होती.

व्याकरण कच्चं राहतं, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. बेरेटा आणि डेव्हिस यांनी १९८५ मध्ये या प्रकल्पाचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. निव्वळ वाक्यरचनांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीची मुलं पुढे होती, हे मान्यच करायला हवं. पण संदर्भासह येणारं व्याकरण आणि श्रुतलेखन यांत प्रकल्पातली मुलं सरस ठरली. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवरून मेरिल स्वेन यांनी दाखवलं, की भरपूर ऐकून-वाचून समज येते, तरी बोलण्यातल्या चुका उरतात. मुलांना बोलायला, लिहायला लावावंच लागतं. तेव्हा काम संपल्यावर चुका फळ्यावर घ्या, नियमही सांगा. त्या घटकेला तो मुलांना हवा असतो!

खरा अडसर परीक्षेचा आहे. दहावीला भाषांच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, पण कृतींची तयार उत्तरं गाईडमध्ये मिळतात आणि पाठ करून घेतली जातात. तोंडी परीक्षेत पाठ भाषण ऐकण्याऐवजी परीक्षकांनी मुलाच्या हाती न पाहिलेलं, अर्धवट भरलेलं माहितीपत्रक द्यावं. उरलेली माहिती त्यानं समोरच्याला विचारून भरावी. ती बरोबर भरली, तर अडखळल्याचे गुण कापू नयेत.