'वडील आणि मुलें'

कादंबऱ्या वाचणें म्हणजे काळाचा अपव्यय, असें पुष्कळ पालकांचें मत असतें. आणि तें सर्वस्वीं खोटें आहे असें आम्हांसही म्हणवत नाहीं. तथापि एक कादंबरी अशी आहे कीं, ती मुलानें वाचून वडिलांच्या हातीं द्यावी. ती म्हणजे रशियन ग्रंथकार इव्हान तुर्गेनेव्ह (१८१८–१८८३) यांची 'वडील आणि मुलें' ही होय.

ही कादंबरी १८६२ सालीं प्रसिद्ध झाली. कथानक १८५९ सालचें, म्हणजे रशियांतील भूदासांची मुक्तता होण्यापूर्वी दोन वर्षांचें आहे. निकोलाय किर्सानोव्ह या जमीनदारांचा मुलगा आर्कादी पदवीधर होऊन घरीं येतो, तो बझारोव्ह नांवाच्या मित्रास घेऊन. हा वैद्यकाचा विद्यार्थी बेडूक चिरतो, काव्यास हसतो, आणि केवळ थोर लोक मानतात म्हणून कोणतेंही तत्त्व मानीत नाहीं. एके दिवशीं निकोलाय पुश्किनचें काव्य वाचीत असतां आर्कादी तें त्यांच्या हातून हळूच काढून घेतो व त्या जागीं एक जर्मन शास्त्रीय पुस्तक ठेवतो! वडील रागावत नाहींत. आपणही तरुणपणीं आईशीं भांडून, आपल्या पिढ्याच निराळ्या, असें तिला ऐकविलें होतें, हें त्यांस पुढें आठवतें.

बझारोव्हच्या आईबापांची कथा याहून करुण आहे. तीन वर्षांनीं घरीं आलेला हा एकुलता एक मुलगा तीनच दिवसांत कंटाळून निघून जातो. मुलास त्रास होऊं नये म्हणून म्हातारा बाप मोकळेपणानें बोलावयासही भितो. पुढें मुलगा परत येतो. पण टायफसनें मेलेल्या एका शेतकऱ्याचें प्रेत चिरतांना बोट कापून विष अंगांत भिनतें, व तो मरतो. एकमेकांस आधार देत त्याच्या थडग्यापाशीं येणारीं तीं दोन वृद्ध माणसें वाचकास विसरतां येत नाहींत.

ग्रंथकारानें कोणाचाच पक्ष घेतलेला नाहीं. म्हणूनच त्या काळीं कित्येक तरुणांस ही आपली विटंबना वाटली, तर कित्येक वृद्धांस तरुणांची खुशामत. आमच्या मतें हाच तिचा मोठा गुण होय. बझारोव्हची शास्त्रावरील निष्ठा खोटी नव्हती. मायेलाही तो थोतांड समजूं पाहत होता, एवढीच त्याची चूक.

आमच्यापैकीं जे वसतिगृहांत राहतात, ते सुटींत घरीं गेल्यावर चौथ्याच दिवशीं परतण्याचे दिवस मोजूं लागतात. आम्हींही ते मोजले आहेत. ही कादंबरी वाचल्यावर मात्र त्याची लाज वाटली. नवीं मतें टाकून द्या, असें ती मुलांस सांगत नाहीं. आणि मुलांपुढें मान तुकवा, असें वडिलांसही सांगत नाहीं. मुलांनीं घरीं आणखी चार दिवस आनंदानें राहावें, आणि मुलाच्या हातांतील पुस्तक कोणतें, हें वडिलांनीं एकदां प्रेमानें विचारावें, एवढें जरी तिच्या वाचनानें घडलें, तरी तो वेळ वायां गेला असें कोण म्हणेल?