चिंधीची शोभा

शिंप्याच्या दुकानात दिवसाच्या अखेरीस केर काढला जातो, तेव्हा केरसुणीपुढे रंगांची एक लहानशी रास जमते. कोणाच्या झग्याचा निळा तुकडा, कोणाच्या सदऱ्याची पट्ट्यापट्ट्यांची चिंधी, एखाद्या खणाची हिरवी कड, असे कितीतरी त्यात असते. हेच कापड कोणीतरी मोजूनमापून, भावाची घासाघीस करून विकत घेतलेले असते. आता मात्र त्याला केर हे नाव मिळते. कापड तेच, त्याचे रंगही तेच; बदललेली असते ती केवळ आपली दृष्टी.

अशा तुकड्यांना जुन्या मऊ सुती कापडाची जोड दिली, तर घरच्या घरी एक सुरेख हातपुसणे शिवता येते. परंतु असे काही कोणी शिवू लागले, की दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, “बाजारात तयार टॉवेल थोड्या पैशांत मिळतो, मग त्यासाठी दोन दुपारी कशाला खर्ची घालायच्या?” आणि दुसरा, “ज्याला ओले हात पुसायचे, त्या फडक्याला शोभा ती कशाला?” हे दोन्ही आक्षेप वरवर पाहता खरे वाटतात. मला मात्र ते पटत नाहीत. त्याची कारणे अशी.

पहिला आक्षेप पैशाचा आहे. परंतु वस्तूची किंमत निराळी आणि तिचे मोल निराळे. विदर्भातला शेतकरी पावसाळ्याच्या आरंभी काळ्या जमिनीत सरकी टोकतो. कीड आणि अवेळी पाऊस यांच्या तावडीतून पीक वाचले, तर दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागतात, आणि वेचणीला आलेल्या बाया दिवसभर उन्हात उभ्या राहून हातांनी कापूस वेचतात. पुढे सरकी वेगळी काढायची, रुईचे सूत कातायचे, सुताचे कापड विणायचे, ते रंगवायचे. तेव्हा कोठे ते आपल्या अंगावर येते. वीतभर चिंधीतही इतक्या हातांचे श्रम विणलेले असतात. बाजारात तिला कोणी पैसा देणार नाही, म्हणून ते श्रम काही नाहीसे होत नाहीत. शिवाय ज्याने स्वतः हातभर लांबीची शिवण घातली आहे, त्याला शिवणाऱ्याचे कष्ट कळतात. दुसऱ्याच्या हातची वस्तू तो सहसा बेफिकिरीने फेकून देत नाही. दोन दुपारींत एवढे शिकायला मिळत असेल, तर तो व्यवहार मुळीच महाग नाही.

दुसरा आक्षेप शोभेचा. त्याचे उत्तर आपल्या आज्या-पणज्यांनी सुईने देऊन ठेवले आहे. जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक पसरून त्यांनी गोधड्या आणि वाकळी शिवल्या. थंडी निवारण्यासाठी कसेबसे घातलेले टाकेही पुरले असते. तरीही त्यांनी तांबड्या तुकड्याशेजारी पिवळा मांडला, मधोमध चौकोन साधला आणि धावदोऱ्याच्या ओळी शेतातल्या तासांसारख्या एकीशेजारी एक ओढल्या. बंगालमधील कांथा हे काम याच कुळातले. तेथील स्त्रिया जुन्या साड्यांचे थर एकत्र शिवीत, आणि साडीच्या काठातूनच काढलेल्या रंगीत दोऱ्यांनी त्यांवर कमळे, वेली आणि मासे भरीत. मोठ्या पांघरुणांप्रमाणेच आरसा आणि फणी गुंडाळून ठेवण्याचे लहानसे वस्त्रही त्या अशाच प्रेमाने सजवीत. फणी गुंडाळायला नक्षी लागत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? रोज हाताळायची वस्तू डोळ्यांनाही गोड वाटावी, अशी त्यांची इच्छा होती, आणि ती इच्छा पुरी करायला त्यांच्याजवळ सुई, दोरा व जुने कापड एवढेच होते.

हे आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या एका मोठ्या वळणावर जीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय लोकांचे पूर्वज कापसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबले होते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. दारिद्र्य मात्र संपले नाही. तेथील स्त्रियांनी शेतकामात झिजलेल्या विजारी आणि सदरे उसवले, त्यांतील धड तुकडे निवडले आणि थंडीसाठी गोधड्या शिवल्या. उन्हाने विटलेला निळा रंग आणि उसवलेल्या खिशाखाली गडद राहिलेला तोच रंग, हे दोन्ही त्यांनी न लपवता मांडणीत आणले. २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क या शहरांतील कलासंग्रहालयांत या गोधड्यांचे प्रदर्शन झाले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची चित्रे असलेली तिकिटे काढली. जगाने त्यांना कलाकृती म्हटले. पण शिवणाऱ्या बायांच्या मनात प्रथम होती ती मुलाबाळांची ऊब. शोभा आली ती तिच्या सोबतीने.

हा क्रम आपणही विसरता कामा नये. शाळांच्या प्रदर्शनांत कधी कधी असे हातपुसणे दिसते, की त्याच्या मध्यभागी टिकल्या असतात, कडेला जर असते आणि खाली जाळीची झालर लोंबत असते. ते तळहाताला टोचते आणि पाणी काही टिपत नाही. कोणी भोळेपणाने ओला हात पुढे केला, तर “अहो, त्याला नका हात पुसू!” असे ओरडावे लागते. जे हात पुसण्यासाठी शिवले, त्यालाच हातांपासून जपावे लागत असेल, तर त्या शोभेला काय म्हणावे?

म्हणून हातपुसणे शिवताना आधी त्याच्या कामाचा विचार करावा. मधले कापड सुती आणि शक्य तर वापरून मऊ झालेले घ्यावे. नव्या कापडाला खळ असते, आणि ती धुऊन जाईपर्यंत ते पाणी नीट शोषत नाही. जुने सुती कापड मात्र पाणी चटकन टिपते. पॉलिस्टरच्या कृत्रिम धाग्यात पाणी शोषण्याचा हा गुण नसतो. तेव्हा असा चमकदार तुकडा कितीही मोहक वाटला, तरी मधल्या भागात त्याला थारा देऊ नये. सुमारे ३५ सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर लांब एवढे कापड पुरेसे होते. रंगीत तुकडे जोडून त्यांची १० सेंटिमीटर रुंदीची पट्टी करावी व ती खालच्या टोकाला लावावी, म्हणजे वरचा सारा भाग पुसण्यासाठी मोकळा राहतो. नवे तुकडे आधी धुऊन घ्यावेत, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि कोणता रंग जातो तेही तेव्हाच कळते. तुकडे जोडताना कडेला १ सेंटिमीटर कापड शिवणीसाठी राखावे. धावदोरा घालताना चार-पाच टाक्यांमागे एक उलटा टाका घ्यावा. मग एखादा टाका तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. पट्टीच्या कडा आत दुमडून ती कापडावर शिवावी, म्हणजे जोडांची सुटी सुते झाकली जातात. शेवटी कोपऱ्यात टांगण्यासाठी एक फास लावावा. टांगलेले कापड लवकर वाळते आणि त्याला कुबट वास येत नाही.

“हे तर मुलींचे काम!” असे काही मुलगे म्हणतील. त्यांनी संत नामदेवांचे स्मरण करावे. ते शिंप्याच्या घरी जन्मले होते, आणि त्यांच्या नावाने आजही महाराष्ट्राची मान उंचावते. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार मांडला, तो मुलगे आणि मुली या दोघांसाठीही होता. सदऱ्याची गुंडी तुटते ती मुलगा की मुलगी हे पाहून तुटत नाही.

आणखी एक अडचण मनातली असते, ती म्हणजे लाज. जोडलेले, ठिगळ लावलेले कापड दिसले, की लोक आपल्याला गरीब म्हणतील असे वाटते. गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्यांचा वेष ल्याले. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. परंतु हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडणाऱ्या या पुरुषापुढे भल्याभल्यांचे मस्तक नम्र होई. ठिगळाची लाज नको. मळकेपणाची आणि आळसाची हवी.

तुमचे हातपुसणे शिवून झाले, की ते कपाटात घडी करून ठेवू नका. हात धुण्याच्या जागेजवळ खुंटीवर टांगा. आठ दिवसांत त्यावर हळदीचा डाग पडेल, आणि काही महिन्यांत पट्टीचे रंग फिके होतील. त्याचे वाईट वाटू देऊ नका. घरातल्या माणसांचे ओले हात त्याने रोज कोरडे केले, एवढाच त्या डागाचा अर्थ. आणि ते अगदी विरून गेले, तर त्यातही एखादा धड तुकडा उरलेला असेल. तो फेकण्यापूर्वी एकदा नीट पाहा.