नेट नसलेल्या कॉम्प्युटरची यादी

वर्ध्यात आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत दोन जुने कॉम्प्युटर आहेत. दोन्हींवर डेबियन लिनक्स आहे, नेट नाही. ‘मोबाइलचं हॉटस्पॉट लावा की,’ असं सगळेच सांगतात. एरवी ते चालतंही. पण नोव्हेंबर २०२१मध्ये शेजारच्या अमरावतीत हिंसाचारानंतर मोबाइल इंटरनेट बंद केलं गेलं. अशा वेळी आधी उतरवून ठेवलेलं असेल तेवढंच आपलं. म्हणून नेटशिवाय सॉफ्टवेअर टाकणं प्रत्येक अभ्यासिकेत कुणाला तरी आलंच पाहिजे, असं माझं मत आहे.

मी आधी चुकलो. मित्राकडून एका सॉफ्टवेअरची एकच फाइल पेनड्राइव्हवर आणली. इथे ती दुसरी फाइल मागू लागली, दुसरी तिसरी मागू लागली. तीन खेपा झाल्या, तेव्हा कळलं की काय हवं हे मित्राच्या कॉम्प्युटरला विचारून उपयोग नाही. ज्यात टाकायचंय त्यालाच विचारायचं. सिनॅप्टिक उघडून सॉफ्टवेअर निवडा आणि ‘फाइल’ मेनूतून डाउनलोडची स्क्रिप्ट बनवून घ्या. लागणाऱ्या सगळ्या फायलींचे पत्ते तीत येतात. नेट असलेल्या लिनक्सवर ती चालवा आणि आलेल्या फायली परत आणून त्याच मेनूतून जोडा. आपल्या कॉम्प्युटरची जुनी यादी शिळी झाली असेल तर पत्ते लागत नाहीत. त्यासाठी एपीटी-ऑफलाइन आहे, ते नवी यादीही पेनड्राइव्हवरून आणतं. फायली मात्र डेबियनच्या भांडारातूनच घ्या, कुठल्याही साइटवरून नको.

आपल्याकडे अजून चोरीचं विंडोज सर्रास टाकून दिलं जातं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. फ्री सॉफ्टवेअरचा परवानाच कॉपी करून दुसऱ्याला द्यायची मोकळीक देतो. तो पेनड्राइव्ह उजळ माथ्याने दहा जणांत फिरवता येतो.

१९३७ साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद झाली. तिथून निघालेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. हाताने काम करत शिकणं, हा त्या वर्धा योजनेचा गाभा. कोर्सची फी भरून प्रमाणपत्र आणणाऱ्या आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

गेल्या रविवारी दहावीतल्या एका मुलीने स्क्रिप्ट बनवली, मामाकडे नेली आणि संध्याकाळी लिब्रेऑफिस टाकलं. मी खुर्चीतून उठलोही नाही. आता दुसरा कॉम्प्युटर तिच्याकडे आहे.