ताटावर घातलेलं नाव



माझ्या पुतण्याचं लग्न ठरलंय. परवा तो हुबळीहून आमच्याकडे धारवाडला आला, चहा झाला आणि म्हणाला, "काकू, आजीचं ते चांदीचं ताट मोडीत देऊ या का? त्यात थोडी भर घातली की आम्हा दोघांना साधा, छान सेट होईल. नक्षीत अन्न अडकतं, घासायला वेळ कुणाला आहे?" आणि मोबाईलवर फोटो दाखवला. गुळगुळीत, बिननक्षीची ताटली, शेजारी सरळ दांड्याचे काटे-चमचे. "फ्रेंच स्टाईल आहे," म्हणाला.

फोटोतली ताटली खरंच देखणी होती. 'उद्या सांगते' म्हणून मी वेळ मारून नेली.

गंमत अशी की असली साधी फ्रेंच चांदी एका मराठी घराण्याच्या टेबलावर नव्वदएक वर्षांपूर्वीच आली होती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या सुमारास माणिकबाग राजवाडा बांधायला घेतला. वास्तुरचनाकार जर्मन, एकार्ट मुथेसियस. जेवणाच्या टेबलासाठी चांदीचं काम पॅरिसच्या झाँ पुइफोर्का यांनी केलं. वेल नाही, फूल नाही. गोल, सरळ रेषा आणि चकाकी, एवढीच त्यांची नक्षी. पण या पुइफोर्कांच्या घरात जुन्या, भरगच्च नक्षीच्या फ्रेंच चांदीचा मोठा संग्रह होता, आणि त्यातला बराच भाग आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. म्हणजे जुनं मोडून नव्हे, तर जुनं सांभाळून त्यांनी नवं घडवलं.

ती जुनी नक्षी ओळखणं फार अवघड नाही. पंधराव्या लुईच्या काळातली असेल तर शिंपले आणि लाटांसारखी वळणं. सोळाव्या लुईच्या काळातली असेल तर पानांच्या माळा आणि रिबिनी. नेपोलियनच्या काळातली असेल तर हंस आणि रोमन धाटणी. पद्धती मात्र आपल्या ओळखीच्याच. पत्रा मागून ठोकून उठाव आणायचा, वरून छिन्नीने कोरायचं, किंवा कडी-मूठ ओतून जोडायची. आमच्या ताटाच्या काठावरची वेल अशीच ठोकून उठवलेली आहे. मागून बोट फिरवलं की प्रत्येक पान लागतं.

इतकी सुंदर चांदी, तरी सतराव्या शतकातली फ्रेंच भांडी आज फारच थोडी उरली आहेत. कारण तेच, मोड! १६८९मध्ये युद्धाच्या खर्चासाठी चौदाव्या लुईने व्हर्सायमधलं चांदीचं फर्निचर टांकसाळीत वितळवलं. १७०९ आणि १७५९मध्येही लोकांची भांडी अशीच गेली. नाणी झाली, खर्च झाली, संपली.

तिथे काटा टेबलावर पालथा ठेवायची रीत आहे, कारण घराण्याचं चिन्ह किंवा आद्याक्षरं दांड्याच्या मागच्या बाजूला कोरलेली असतात. पाहुण्याला ती दिसली पाहिजेत ना! हे वाचलं तेव्हा मला आपलं 'भांड्यावर नाव घालणं' आठवलं. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं.

आणि मग तो तांब्या आठवला. तीन वर्षांपूर्वी तो मीच मोडीत दिला. आजेसासूबाईंच्या लग्नातला होता, पोचे आलेले, बूड गळणारं. सराफाने वजन केलं, घट धरली, हिशेब चोख दिला. बुडाशी काहीतरी अक्षरं होती. चष्मा पर्समध्ये होता. मी काढला नाही. गेल्या वर्षी याच पुतण्याने घराची वंशावळ करायला घेतली आणि विचारलं, "पणजीचं माहेरचं नाव काय?" सासूबाई गेलेल्या, सांगणारं कुणी उरलेलं नाही. पणजीच्या चौकटीत तिचं लग्नानंतरचं नाव आहे. माहेरची जागा रिकामी आहे.

म्हणून थोडं कामाचं. फ्रेंच चांदीवर १८३८पासून मिनर्व्हा देवीच्या मुखवट्याचा बारीक ठसा असतो. जुन्या भांड्यावर सोबत १ असेल तर हजारात ९५० भाग चांदी, २ असेल तर ८००. घडवणाऱ्याचा ठसा शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. आपल्याकडे चांदीला हॉलमार्क २००५मध्ये आला, त्यामुळे आजीच्या भांड्यावर तो नसेल. म्हणून ते खोटं ठरत नाही. कस तपासून घ्या. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा पार खरवडू नका, त्यानेच उठाव दिसतो. आणि चांदीचा शत्रू मीठ! फ्रेंच लोक मिठाच्या चांदीच्या भांड्याला आतून सोन्याचा मुलामा द्यायचे. आपल्या ताटात तर पहिलं मीठच वाढतात. सासूबाई त्याखाली केळीच्या पानाचा तुकडा ठेवायच्या. मी ते सोवळं समजत होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आला तेव्हा मी काही बोलले नाही. ताट पालथं करून त्याच्या हातात दिलं. ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव त्याने उजेडाकडे धरून वाचलं: त्याच्या आजीच्या वडिलांचं नाव, गाव, लग्नाची तिथी. त्याने फोटो काढला, वंशावळीत भरला. मग म्हणाला, "काकू, हे राहू दे."

मोडीत दोन चिरलेल्या वाट्या आणि एक तुटकं निरांजन गेलं, तेही मागून-पुढून फोटो काढून. नवा सेट लहान होईल. त्यावर दोघांची नावं घालायची आहेत.

तुमच्या घरातलं काही मोडीत द्यायचं असेल तर खुशाल द्या. फक्त आधी चष्मा लावा आणि भांडं पालथं करून बघा.